साळूचा काटा

तलाठ्याच्या नकाशात पिंपळव्हाळ म्हणजे नुसती तुटक रेघ.
दोन कुणग्यांमधून येतो, मोरीखालून वाकून जातो,
सुरंगीखालच्या कोंडीत जरा दम खातो
आणि नाव न सांगताच खाडीत मिसळतो.
रुंदी एका उडीची.
माझ्या उडीची, म्हणजे पन्नाशीतल्या माणसाच्या.

भात कापून झालं की मार्गशीर्षात पाणी निवळतं.
तेव्हा मी पडवीच्या वाशांतून चिव्याची काठी काढतो,
वावभर तंगूस, दुकानातली सगळ्यात बारीक गरी,
आणि तरंगायला साळूचा काटा,
काळापांढरा, काजीत सापडलेला,
टोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका
(बाटली लेकीची, तिला अजून माहीत नाही).
करवंटीत न्हाणीमागचे काडू, वर मूठभर ओली माती.

इथे असं कुणी बसत नाही.
समुद्र एका हाकेवर आहे.
मी तारी. चार पिढ्या रापणीच्या दोरावर,
आणि होडीत पाय ठेवला की माझं पोट उलटं होतं.
सातव्या वर्षी बापाने ते एकदा पाहिलं,
तोंड पुसायला पंचा दिला, काही बोलला नाही.
पुढे मी पोस्टात लागलो.

"ह्येंका मासे म्हणतंस?" रवळू विचारतो,
माझा धाकटा, देवगडच्या ट्रॉलरवरचा.
"दातात अडाकतले, पोटाक लागाचे नाय."
खरंच आहे. ठिगूर, मळये,
कधी एखादी शेंगटी, जी काटा मारते आणि आठवडाभर बोट ठणकवते.
बाजारात भाव नाही. मांजर हुंगून निघून जातं.
मी बघतो, सोडून देतो.
"मगे पकडतंस कित्याक?"
याचं उत्तर मी अजून शोधतोय.

यंदा ट्रॉलरचं इंजिन बसलं.
पार्ट मंगळूरहून येणार, म्हणजे कधी, देव जाणे.
तीन दिवस रवळू अंगणात येरझाऱ्या घालत राहिला,
चौथ्या दिवशी न विचारता माझ्या मागून आला.

सावली पाण्यावर पडू देऊ नको, म्हटलं.
तो हसला. दाराएवढे खांदे,
सुरंगीच्या बुंध्याआड ठेवायला वेळ लागला.

काटा पाण्यात उभा राहिला.
एक पाणचतुर येऊन ठिपक्यावर बसला.
"लागलो?" नाही.
"आता?" नाही रे, शेवाळ ढकलतंय.
तो मोबाईल काढायचा, रेंज नाही, परत ठेवायचा.

मग काटा वर आला आणि सावकाश आडवा झाला.
नवख्याला वाटतं, संपलं.
खाली कुणीतरी गरी उचललेली असते.
"ओढ," मी म्हटलं, आणि त्याने ओढलं
जसं भरलेलं जाळं ओढतात.
ठिगूर त्याच्या डोक्यावरून उडत
मागच्या करवंदीत जाऊन पडला.

काट्याकुट्यांतून काढला.
अंग रुपेरी, शेपटीपाशी काळा ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून लावावा तसा.
तो रवळूच्या तळहातावर, दोरखंडांनी चिरत गेलेल्या,
जिथली करंगळी सहा वर्षांपूर्वी विंचने नेली.
गरी निघेना. तोंडच केवढं!
आणि त्याचा हात कापायला लागला.
"तू धर. माका भ्या वाटता.
चिरडतलंय मी."

मी धरला नाही.
म्हटलं, आधी हात ओला कर.

तो गुडघ्यावर बसला. मोरीवरून दुपारची एसटी गेली.
ती पार वळणापलीकडे जाईपर्यंत तो गरीशी झटत होता,
जीभ ओठांत धरून, शाळेत गणित करायचा तसा.
मग पाण्यात मूठ उघडली.
ठिगूर क्षणभर तिथेच, मग नाही.
हात मात्र त्याने बाहेर काढला नाही.

"केदो होतो रे?" त्याने विचारलं,
स्वतः पाहिलेला असून.
बोटाएवढा, मी म्हटलं.
तो हाताकडे बघत राहिला.
"करंगळेएदो," म्हणाला.

शनिवारी पार्ट आला.
पौषात एकदा बंदरातून त्याचा फोन, मागे बर्फ फोडल्याचे आवाज.
डिझेल, मालक, बांगड्याचा भाव, सगळं बोलून झाल्यावर,
"पाणी किती उरला रे व्हाळात?"
घोट्याभर, मी म्हटलं.
पुढचं वाऱ्यात ऐकू आलं नाही.